मामाजी, पाया नका पडू, कॅमेरा सुरू आहे

आमच्या गोंदिया जिल्ह्यात मामा भाचीच्या पाया पडतो. हे पुण्याच्या माणसाला सांगितलं की तो हमखास दुरुस्ती करतो, "म्हणजे भाची मामाच्या ना?" नाही बाबा. मामा भाचीच्या. भाची पाळण्यात असो, नाक गळत असो, मामाने वाकायचं म्हणजे वाकायचं. भाचा-भाची आमच्याकडे देवाच्या जागी. आणि देवाला जसं कुणी विचारत नाही की बाबा रे, तुला हे आवडतं का, तसं आम्हालाही कुणी विचारत नाही.

मला नाही आवडत. साठी ओलांडलेला, गुडघे कुरकुरणारा माणूस आपल्यापुढे वाकतो आणि उठताना "अगा माय गं" म्हणतो, तेव्हा देवपण कसलं डोंबलाचं, मेल्याहून मेल्यासारखं होतं. म्हणून मी लहानपणापासून पाय मागे घेत आले. पण माझा केशोरीचा मामा याबाबतीत महाहट्टी. मी उजवा पाय मागे घेतला की तो डावा धरणार. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हे दोघं फुगडी घालायला निघालेत आणि जमत नाहीये.

मी माहितीपट बनवते. लांबलांबच्या गावांना जाते, तिथली माणसं कशी जगतात ते टिपते. कंपनी-बिंपनी काही नाही. कॅमेरा माझा, डोकं माझं, आणि आवाज टिपायला एक मैत्रीण. मेघालयातल्या खासी लोकांवर फिल्म करायचं ठरलं आणि ऐन वेळी त्या मैत्रिणीला कावीळ झाली. बाबांनी जाहीर केलं, एकटी जायचं नाही. शिवाय ही शेवटची फिल्म. ही नीट झाली तर पुढचं बघू, नाही तर गुपचूप बी.एड. करायचं. आमच्या घराण्यात जो कोणी कशात नापास झाला त्याने बी.एड. केलं आहे.

तेव्हा मामाजीच म्हणाले, "मी येतो ना जी. उन्हाळी धान निघालं, आता रिकामाच बसून राहिलो."

माइकची लांब काठी धरायला मी त्यांना अंगणातच शिकवलं. त्यांनी ती आंबे झोडायच्या बांबूसारखी पेलली आणि वर बघत विचारलं, "याच्यानं काय पाडाचं आहे?"

"काही पाडायचं नाही. बोलणाऱ्याच्या डोक्यावर धरायची, आणि आपण चूप राहायचं."

चूप राहायचं, हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. पण कानाला हेडफोन लावल्यावर शेजारच्या घरातलं भांडण स्पष्ट ऐकू यायला लागलं, तेव्हा खूश झाले.

खासी लोकांत घर आणि घराण्याचं नाव आईकडून लेकीकडे जातं, घर तर सगळ्यात धाकट्या लेकीकडे. आणि घरच्या मोठ्या गोष्टींत शब्द चालतो आईच्या भावाचा, म्हणजे मामाचा. भाचरं त्याच्यापुढे मान वर करून बोलत नाहीत. माझी सगळी फिल्म अशाच एका म्हाताऱ्या मामावर उभी होती. गावच्या शाळेतल्या एका बाईंना चांगलं हिंदी येत होतं. त्यांनीच मोठ्या मिनतवारीने त्याला तयार केलं होतं. तोवर तो कुणाच्याच कॅमेऱ्यापुढे बसला नव्हता. तो बोलला तर फिल्म, नाही तर ढगांची चित्रं घेऊन घरी या आणि बी.एड.चा फॉर्म भरा.

पहिला दिवस झकास गेला. आम्ही म्हाताऱ्याच्या घरी नुसते भेटायला गेलो. त्यांच्याकडे पाहुण्याला विड्याचं पान, चुना आणि ओली सुपारी देतात. शाळेच्या बाई म्हणाल्या, जरा जपून, चढते. मामाजी हसले. रोज सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणारा माणूस तो. "अवो मॅडम, सुपारी तं हमारे खून में है," म्हणत त्यांनी अख्खी फोड तोंडात टाकली. मग त्यांचे कान लाल झाले. कपाळावर घाम आला. ते हळूच खाली बसले आणि मला म्हणाले, "बाई, हे गाव कायले फिरून राहिलं?" म्हातारा इतका हसला की त्याला खोकला आला. मी मनात म्हटलं, जमलं! आता हा उद्या मोकळेपणाने बोलणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा शाल पांघरून खुर्चीत येऊन बसला. मी कॅमेरा लावला. मामाजींनी हेडफोन चढवले, काठी उचलली आणि मग काठी तशीच बगलेत धरून ते माझ्यापुढे वाकले. कामाला लागण्याआधी भाचीच्या पाया पडलं की काम फत्ते होतं, हा त्यांचा नेम.

"मामाजी, पाया नका पडू, कॅमेरा सुरू आहे!"

"असू दे ना," म्हणत त्यांनी माझ्या चिखलाने बरबटलेल्या बुटांना हात लावला आणि तो कपाळाला लावला.

म्हातारा उठून उभा राहिला. बाईंना काहीतरी ताडताड बोलला आणि घरात निघून गेला. बाईंचा चेहरा गोरामोरा झाला.

"बोल रहे हैं, जो लड़की अपने मामा को पैर में गिराती है, उसको हम अपने घर की बात नहीं बताएँगे."

अरे देवा! मी गिराती? मी तर जन्मभर पळत आलेय! बाईंनी दारातून त्याला समजावलं की ही यांच्याकडची रीत आहे. आतून उत्तर आलं, असेल. पण या पोरीने माझ्यासमोर एकदा मामाच्या पाया पडावं, मग मी बसतो.

एवढंच? मला हायसं वाटलं. मी वळले आणि मामाजींकडे एक पाऊल टाकलं. मामाजी एक पाऊल मागे गेले.

"नोको जी, बाई."

"एकदाच, मामाजी."

"नोको म्हनतो ना!"

मी वाकले आणि मामाजी पळाले. साठीचा माणूस इतका जोरात पळू शकतो हे मला माहीत नव्हतं, त्यांनाही नसावं. कानाला हेडफोन, गळ्यात लटकलेलं रेकॉर्डिंगचं यंत्र, मागे फरफटत येणारी माइकची काठी. घराला वळसा घालून सुपारीच्या झाडांतून, डुकरांच्या कुंपणावरून. मागे मी, माझ्यामागे अर्धं गाव.

"थांबा मामाजी!"

"पाप लागन, बाई!"

"मला बी.एड. करावं लागेल!"

"कर ना मंग! चांगलं असते बी.एड.!"

हे सगळं त्या यंत्रात टिपलं गेलं आहे. आवाज अगदी स्वच्छ आलाय.

शेवटी दम लागून ते एका दगडी बांधावर बसले. पाय पोटाशी घेतले आणि वरून खांद्यावरचा दुपट्टा टाकून ते झाकून घेतले, पोरं खाऊ लपवतात तसे. माझं डोकं सणकलं होतं. मी ओरडलेच, "माझी फिल्म बुडून राहिली, आणि तुम्हाला पायाचं पडलंय? एकदा हात लावला तर काय झिजणार आहेत का पाय?"

त्यांनी हेडफोन काढला. धाप लागली होती म्हणून तुटक तुटक बोलले.

"तुझी माय माज्याहून लहान. होती तवा ती माज्या पाया पडे, मी तुज्या पडत होतो. आता ती नाही. पर मी तुज्या पाया पडतो तं ते तिच्याकडूनच जाते. तू अशी डायरेक माज्या पाया पडली, तं ती मधातून निघून नाही जात का?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. आई जाऊन काही वर्षं झाली होती आणि मला वाटत होतं माझं रडून झालंय. मी तिथेच ओल्या बांधावर त्यांच्या शेजारी बसले आणि भोकाड पसरलं. डुकरं बघत होती, बघू देत. मामाजी सारखे म्हणत राहिले, "अवो बाई, कायले रडते, बी.एड. काई इतकं वाईट नसते."

तोवर बाई धापा टाकत पोचल्या, मागून काठी टेकत म्हातारा. मामाजी काय म्हणाले ते मी जमेल तसं हिंदीत सांगितलं, बाईंनी ते त्याला सांगितलं. तो मामाजींच्या झाकलेल्या पायांकडे बघत राहिला, मग वळून घराकडे चालू लागला. मला वाटलं, गेली फिल्म.

आम्ही सामान आवरायला परत आलो, तर अंगणात त्याच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची मांडलेली होती. त्याने मामाजींना हाताने तिथे बसायला सांगितलं आणि पहिला प्रश्न त्यानेच विचारला. तुझी बहीण कशी होती?

मामाजी सांगू लागले, ती भांडखोर होती, आणि बांधावरून पडली तरी आधी दुसऱ्यालाच शिव्या द्यायची. मग म्हाताऱ्याने आपल्या बहिणीचं सांगितलं. बाई मधे बसून इकडचं तिकडे करत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी रात्र रात्र जागून काढलेले प्रश्न खिशातच राहिले. मामाजी बोलत होते म्हणून माइकची काठी मला धरावी लागली, आणि चूप राहायचा नियमही मलाच पाळावा लागला. जेवणाची वेळ टळली तरी दोघं थांबेनात.

ती फिल्म झाली. बी.एड. टळलं.

परतीच्या गाडीने आम्हाला गोंदियाला भर दुपारी उतरवलं. ऊन असं की फलाटावर कुत्रं नव्हतं. मामाजींना केशोरीला जायला पुढे अर्जुनीची गाडी धरायची होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली, दुपट्टा सावरला आणि मी कोणता पाय आधी मागे घेते याचा अंदाज घेत उभे राहिले.

"थांबा," म्हणून मी बॅगेवर बसले. बूट काढले, मोजे काढले आणि फलाटाच्या तापल्या फरशीवर अनवाणी उभी राहिले.

"अवो बाई, चटके बसतीन ना! थांब, झटकन पडतो."

"सावकाश पडा, मामाजी," मी म्हटलं.