दोन्ही टायर डाव्या कडेला

दहिवलीच्या आमच्या आळीतून माझी पांढरी पद्मिनी बाहेर पडते, तेव्हा रस्त्यावरची माणसे आपण होऊन बाजूला होतात. मुख्याध्यापक झालो त्या वर्षी मी ही गाडी घेतली. मी तिचा तिसरा मालक, पण आळीतली ती पहिली मोटार. मला निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, गाडी मात्र अजून कामावर आहे. माघातल्या एका सकाळी आम्ही खालापूरला निघालो, ते सहलीसाठी नव्हे. "जयभीम, मास्तर," म्हणत शांताराम मिस्त्री शेजारच्या आसनावर येऊन बसले. त्यांचा हात शाबूत आहे की गेला, हे त्या दिवशी ठरायचे होते.

हकीकत अशी. गणपतीच्या सुमारास मिस्त्रींनी गाडीच्या पुढच्या चाकांची झिजलेली बुशे (सांध्यांतल्या रबरी कड्या) बदलली. त्यानंतर काही महिन्यांतच पुढचे दोन्ही नवे टायर एकेका कडेला झिजले. मिस्त्रींचा पुतण्या महेश आता गॅरेज सांभाळतो. तो चारचौघांत म्हणाला, "काकांचा हात गेला. एक तारखेपासून पुढच्या चाकांचं काम त्यांच्याकडं नाय." उभा जन्म हेच काम केलेल्या माणसाने हातातला पाना पुसून जागेवर ठेवला. शेवटी मीच सुचवले, की खालापूरला संगणकावर चाके तपासून घेऊ.

टायरची झीज वाचता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. तळहात टायरवरून आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला, तर चाके एकमेकांना समांतर नाहीत. पण तसा दोष असेल तर दोन्ही टायर आतून तरी झिजतात, नाहीतर दोन्ही बाहेरून. माझ्या गाडीचा डावा टायर बाहेरून झिजला होता आणि उजवा आतून. म्हणजे दोन्ही डाव्याच कडेला. असे का व्हावे, हे मला सुटत नव्हते.

उल्हास नदी मागे टाकून आम्ही चौकच्या रस्त्याला लागलो. उजव्या हाताला माथेरानचे डोंगर, पुढे इरसाळचा सुळका. भात निघालेल्या खाचरांत वाल शेंगांवर आले होते. एका गतिरोधकावर खाड् असा आवाज झाला आणि पुढच्या चाकाची चकचकीत टोपी सुटून उड्या मारत थेट शेतात शिरली. शेंगा तोडणाऱ्या एका आजींनी ती उचलली, पदराने पुसली आणि बांधावर येऊन आमच्यापुढे धरली.

"घ्या रं तुमचं ताट. जेवाया निघालाव का?"

"जेवायलाच, आजी. तुमचे वाल असतील तिथं," मिस्त्री म्हणाले.

"मग इथंच बसा की! गाडी तर नवरीवानी सजवलीय."

नवरी म्हटल्यावर माझी मान जरा ताठ झाली, हे मी लपवत नाही.

चौकला एका खाणावळीत खरोखरच तांदळाची भाकरी आणि कडव्या वालांचे बिरडे (मोड काढून सोललेल्या वालांची उसळ) मिळाले. जेवता जेवता मी सरळ विचारले, "मिस्त्री, हात थरथरतो का तुमचा?"

त्यांनी पेला काठोकाठ भरला, उचलून तोंडापर्यंत नेला आणि न पिता परत खाली ठेवला. टेबलावर थेंब नव्हता. "आता तुमीच सांगा."

या प्रकरणात माझाही वाटा होता, तो इथे सांगायला हवा. बुशे बदलली त्या संध्याकाळी मी अंगणात गाडी उभी करून प्रत्येक चाकाशेजारी ओळंबा सोडला. डाव्या चाकाची वरची कड आत झुकलेली, उजव्याची बाहेर. फरक दोन सूत (पाव इंच). मी वहीत आकृती काढली, शिमा (चाकाचा झोक ठरवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) कुठे किती घालाव्यात त्याची चिठ्ठी केली आणि दुसऱ्या दिवशी वही दाखवून ती मिस्त्रींना दिली. त्यांनी मुकाट्याने तसे केले. म्हणून माझी समजूत अशी होती, की माझे माप बरोबर होते आणि ते अमलात आणताना मिस्त्रींचा हात चुकला.

"शिमा चिठ्ठीप्रमाणेच घातल्या होत्या ना?" मी विचारले.

"एक कमी नाय, एक जास्त नाय."

खालापूरच्या दुकानात यंत्र एक ताई चालवत होत्या. गाडी चढावर चढताना पाहून त्या म्हणाल्या, "काका, ही तर माझ्याहून मोठी! हिला अहो म्हणायला हवं." त्यांनी चारही चाकांना आरसे लावले, पडद्यावर आकडे उमटले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"डावं चाक वरून बाहेर, उजवं वरून आत. आणि दोन्ही अगदी सारख्या मापानं. चुकून असं होत नाही, काका. कुणीतरी मोजूनमापून वाकडी केलीय."

मोजूनमापून! मी मिस्त्रींकडे पाहिले. ते जमिनीकडे पाहत होते. मग हलकेच म्हणाले, "मास्तर, वळंबा कुठं सोडला व्हता?"

"अंगणात."

"अंगणातलं पावसाचं पानी कुठल्या अंगाला जातं?"

"उजवीकडे. गटाराकडे," मी म्हणालो, आणि उत्तर देता देताच सगळे उलगडले. अंगण उजवीकडे उतरते. तिथे उभी केलेली कोणतीही गाडी उजवीकडेच झुकणार आणि तिच्याबरोबर दोन्ही चाकांचे माथेही. मी अंगणाचा झोक चाकांच्या माथी मारला होता. मिस्त्रींच्या अचूक हाताने माझी चूक सुतासुताने उतरवली होती. सपाट रस्त्यावर तीच चाके डावीकडे कलली आणि दोन्ही टायर डाव्या कडेला झिजले.

"तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं?"

"वाटलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी वहीत लिवून आणलं व्हतं. माझी दोन्ही पोरं तुमच्या हाताखाली शिकली. त्या वहीला नाय कसं म्हणायचं?"

"आणि महेश चारचौघांत बोलला, तेव्हा?"

"घरातलाच बोलला."

एवढ्या जुन्या गाडीचा झोक आम्ही लावत नाही, असे ताई म्हणाल्या. मिस्त्रींनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत शिमा होत्या. "पडदा जरा तिकडं फिरवा, ताई," म्हणून ते गाडीखाली गेले. बोटांच्या चिमटीत पत्रा धरून जाडी अजमावत, एक काढत, एक सरकवत त्यांनी डावे चाक लावले, मग उजवे, आणि शेवटी दोन्ही समांतर केली. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "आता बघा."

ताईंनी पडदा वळवला. दोन्ही आकडे हिरवे होते. "काका, माझं यंत्र पाठवते तुमच्याकडं शिकवणीला!"

"पाठवा. पन फळ्यावर नाय शिकवत मी," मिस्त्री म्हणाले, आणि सकाळपासून प्रथमच हसले.

परतताना मी त्यांना गाडी चालवायला दिली. सरळ रस्त्यावर त्यांनी सुकाणूवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. पद्मिनी आखून दिल्यासारखी सरळ धावत राहिली. इतक्या वर्षांत या गाडीच्या शेजारच्या आसनावरून मी प्रथमच प्रवास करत होतो.

गॅरेजसमोर पाच-सहा माणसे होती. मी खाली उतरलो आणि वर्गात बोलावे तशा आवाजात म्हणालो, "महेश, ऐक. माप मी चुकीचं घेतलं होतं. तुझ्या काकांनी चुकीच्या मापाचंही काम बिनचूक केलं आणि आज बरोबर मापाचंही."

महेश गोंधळला. "सर, तुम्ही चुकलात?"

"हो. दोन सूत."

कुणीतरी हसले. महेश काकांकडे वळला. "आनि तुमी येवढे दिस गप?"

"तुझी बडबड ऐकत व्हतो रं," मिस्त्री म्हणाले.

माझ्या वहीत त्या जुन्या आकृतीखाली मी लाल शाईने लिहून ठेवले आहे: जमीन तपासली नाही. पान फाडलेले नाही. गाडीचा अभिमान मला पूर्वीही होता. पण आता कोणी थांबून तिची चौकशी केली, की ती कोणत्या सालची हे मी नंतर सांगतो. पुढची चाके कोणी लावली, ते आधी.