देवस्थळी नवराबायको वेगळे होतात

उल्हास देवस्थळींनी नोकरीभर पूल बांधले, आणि निवृत्त झाल्यावर त्यांचं सगळं इंजिनियरिंग घरावर कोसळलं. वेस्ट विंडसरच्या त्या घरात डिशवॉशर भरायचंही एक तंत्र होतं. रेखाताई ते रोज मोडत. एक नियम मात्र दोघांनाही लागू होता: जे घ्यायचं ते जोडीने. फोन सारखे, बूट एकाच दुकानातले, डेंटिस्ट एकच आणि त्याच्या अपॉइंटमेंट पाठोपाठ.

औषधांच्या विम्याचंही तेच झालं. पासष्टीनंतर मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा मिळतो, पण औषधांसाठी खाजगी कंपनीचा प्लॅन आपला आपण निवडायचा आणि बदलायचा असेल तर तो दिवाळीच्या सुमाराला, सात डिसेंबरच्या आत बदलायचा, अशी इथली पद्धत. उल्हासरावांनी सरकारी वेबसाइटवर आपल्या ब्लडप्रेशरच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या भरल्या. महिन्याचा हप्ता शून्य असलेला एक प्लॅन वर आला. त्यांनी दोघांनाही त्यात घातलं आणि मंडळाच्या दिवाळी फराळात फुशारकी मारली, "झिरो प्रीमियम! लोक उगाच पैसे भरतात यार."

जानेवारीत दोघं औषधं आणायला गेले. उल्हासरावांच्या गोळ्या जवळजवळ फुकट मिळाल्या. मग रेखाताईंच्या दम्याच्या इनहेलरचं बिल आलं. उल्हासरावांना वाटलं, मागच्या गिऱ्हाइकाचं बिल चुकून आपल्याला लावलंय.

"पण हप्ता तर शून्य आहे!" ते काउंटरवरच्या मुलीला म्हणाले.

"हो सर, हप्ता शून्यच आहे," ती शांतपणे म्हणाली. वर्षाच्या सुरुवातीचा ठरावीक खर्च आपणच करायचा, त्याला डिडक्टिबल म्हणतात. स्वस्त जेनेरिक गोळ्यांना या प्लॅनमध्ये तो लागत नाही, महाग ब्रँडला लागतो. शिवाय या प्लॅनने हा इनहेलर वरच्या, महागड्या पायरीवर ठेवलाय, आणि आमचं दुकान त्यांच्या पसंतीच्या यादीत नाही.

"मग प्लॅन बदलून द्या."

"तो मी कशी बदलणार, सर? आणि आता बहुतेक पुढच्या वर्षीच."

गाडीत बसल्यावर रेखाताईंनी विचारलं, "वेबसाइटवर माझा इनहेलर घातला होतात का?"

"आपलं सगळं सारखंच असतं म्हणून मी..."

"दमा मला आहे. तुम्हाला आहे का?"

पाऊस नसतानाही उल्हासरावांनी वायपर चालू केले.

वर्ष तसंच गेलं. इनहेलरसाठी त्यांना पसंतीच्या यादीतलं दुकान गाठायला पार पलीकडच्या गावी ड्राइव्ह करावं लागे. ऑक्टोबर आला तशा रेखाताई सीनियर सेंटरमधल्या विम्याच्या सल्लागाराला एकट्याच भेटून आल्या आणि मैत्रिणीला, दीपाला, फोन लावला. दीपा पोळ्या करत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता. शेजारच्या खोलीत तिचा नवरा गुरुनाथ बसला होता.

"ठरलं माझं," रेखाताईंचा आवाज आला. "यांच्याबरोबर खूप सोसलं. आता मी वेगळी होतेय. सात डिसेंबरच्या आत सगळं उरकून टाकते."

गुरुनाथच्या हातातला रिमोट खाली पडला. बायकोला विचारायची त्याची छाती झाली नाही. त्याने देवस्थळींच्या मुलीला, बॉथेलला राहणाऱ्या आसावरीला, मेसेज केला आणि स्वतः उल्हासरावांकडे गेला.

"आमचं बेसमेंट रिकामं आहे," तो दारातच म्हणाला. "बाथरूम वेगळी आहे. हवे तितके दिवस राहा."

"का रे? आमचा हीटर चालू आहे."

"माझ्यापासून लपवू नकोस, उल्हास."

तेवढ्यात आसावरीचा व्हिडिओ कॉल आला. डोळे लाल. "बाबा, आर यू ओके? तुम्ही लोकांनी काउन्सेलिंग तरी ट्राय केलं का?"

"आई जाऊन आली की. सीनियर सेंटरमध्ये. फुकट असतं ते."

"एकटी? तुम्ही का नाही गेलात?"

"मी कशाला? मला सगळं येतं."

"दॅट्स एक्झॅक्टली द प्रॉब्लेम, बाबा!" म्हणून ती रडायलाच लागली.

रेखाताई भाजीच्या पिशव्या घेऊन गॅरेजमधून आत आल्या, तेव्हा नवरा गोंधळलेला, मुलगी रडत असलेली आणि गुरुनाथ सोफ्यावर मान खाली घालून बसलेला. आपण नवऱ्यापासून नाही, त्याच्या विम्याच्या प्लॅनमधून वेगळ्या होतोय, हे सांगता सांगता त्या इतक्या हसल्या, की तोच इनहेलर घ्यावा लागला.

मग दोघं लॅपटॉपसमोर बसले. उल्हासरावांची बोटं कीबोर्डवर थांबली. "नाव काय गं तुझ्या इनहेलरचं?"

रेखाताईंनी एकेक अक्षर सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि थायरॉइडची गोळी."

"थायरॉइड? कधीपासून?"

"सहा वर्षं झाली. रोज चहाच्या आधी घेते, तुमच्यासमोर."

"मला वाटलं व्हिटॅमिन आहे," ते म्हणाले. मग उठून त्यांनी ती बाटली आणली आणि तिच्यावरचं नाव टाइप केलं.

सल्लागाराने सांगितलं होतं तसं रेखाताईंनी नुसत्या हप्त्याकडे न बघता वर्षभराचा एकूण खर्च बघायला लावला: हप्ता आणि काउंटरवर द्यायचे पैसे, दोन्ही मिळून. खिशातून जाणाऱ्या पैशाला सरकारने वर्षाची मर्यादा घातलीय, पण तिथवर पोचायची हौस कुणाला? रेखाताईंसाठी दरमहा हप्ता असलेलाच एक प्लॅन खूप स्वस्त निघाला, आणि त्याच्या यादीत कोपऱ्यावरचं दुकानही होतं. उल्हासरावांना मात्र शून्यवालाच बरा होता.

"म्हणजे माझा हिशेब चुकला नव्हता," ते म्हणाले. "फक्त औषधं माझी होती."

"आणि बिल माझ्या औषधाचं," रेखाताई म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताने बटण दाबून वेगळ्या झाल्या.

पुढच्या आठवड्यात गुरुनाथने उल्हासरावांना आपला प्लॅन बघायला बोलावलं. त्यांनी बसल्या बसल्या पहिला प्रश्न विचारला, "वहिनींची औषधं सांग."

"तिला कसली औषधं? ठणठणीत आहे ती."

दीपा वर गेली, एक भरलेली पिशवी घेऊन खाली आली आणि टेबलावर ठेवली. गुरुनाथने चष्मा लावला. एकेक बाटली उचलून वाचू लागला. "ही कसली?"

"डोळ्यांची."

"आणि ही?"

उल्हासरावांनी लॅपटॉप मिटला. "तू आधी तिच्याशी नीट बोलून घे," ते म्हणाले. "मी बसतो निवांत. मला काही घाई नाही."