तुमचा हात बसलेला आहे

ही गोष्ट मी आजवर अर्धीच सांगत आलो. अर्धी सांगितली की लोक टाळ्या वाजवतात. उरलेली अर्धी इतकी वर्षं टाळली. कुणी विचारलंच नाही, असं लिहिणार होतो. पण ते खोटं होईल. गेल्या वर्षी एकीनं विचारलं. तेव्हाही टाळली.

आधी टाळ्यांची अर्धी सांगतो. तीही खरीच आहे.

लोधीखेड्याच्या पुढं एका गावात म्हैस मेली होती. मी नुकताच प्रयोगशाळेत लागलो होतो. जनावरं कोणत्या साथीनं मरतात ते शोधायचं, ही आमची नोकरी. जीपमधून आम्ही तिघं डॉक्टर उतरलो. मोठे साहेब नाकाला रुमाल लावून वास येणार नाही अशा बाजूला उभे राहिले. दुसरा डॉक्टर त्यांच्या शेजारी. म्हशीभोवती गाव गोळा झालं होतं. पोट फाडून आतले अवयव पाहायचे होते. साहेबांनी सुऱ्यांची पेटी माझ्याकडे सरकवली. बुटानं.

"तुम्ही घ्या," ते म्हणाले. "तुमच्या लोकांचा हात बसलेला असतो."

गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "हो नं जी. आधी तसेच फाडत जात, आता डॉक्टर होऊन फाडतेत." सगळं गाव हसलं. साहेबही रुमालाआडून हसले.

मी म्हैस फाडली. चांगली फाडली. त्याचीच जास्त लाज वाटली.

माझ्या बापानं सौंसर तालुक्यातल्या आमच्या गावात मेलेलं ढोर ओढणं बंद केलं होतं. धम्म घेतला त्याच वर्षी. पहिलं ढोर जिथं मेलं तिथंच सडलं. गावभर वास. बाप दारात बसून राहिला, उठला नाही. गावानं त्याला पुढं वर्षभर कामाला बोलावलं नाही. त्या बापाचा मी मुलगा.

म्हैस फाडून घरी गेलो तेव्हा त्याला माझ्या कपड्यांचा वास आला. तो वास त्याला ओळखता येत होता. मी समजावलं. हे विज्ञान आहे, रोग शोधायचा तर आत पाहावंच लागतं, सगळ्या जगात असंच करतात. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"सारेच डॉक्टर फाडतेत का रे," त्यानं विचारलं, "का तूच?"

मी जेवायला बसलो.

त्यानंतर काही वर्षं मीच फाडत राहिलो. बैल, गाई, शेळ्या, एकदा सर्कशीचा उंट. साहेब सांगत, मी कापी, दुसरा डॉक्टर लिहून घेई. खाली सही साहेबांची. प्रत्येक गावात तेच वाक्य. कधी हसत, कधी सहज, पाणी मागावं तसं.

मग तिगावजवळचा बैल. रेल्वेच्या रुळाला लागून शेत होतं. पेटी शालिकरामनं आणून ठेवली. शालिकराम आमच्या प्रयोगशाळेतला चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी, सरकारी कागदात त्याचं पद 'भृत्य'. साहेब म्हणाले, "चला, घ्या तुम्ही. हात बसलेला आहे तुमचा."

मी सुरी उचलली. परत पेटीत ठेवली. झाकण लावलं.

"सर, आज मी लिहून घेतो. आपण फाडा."

"काय म्हणालात?"

"माझा हात बसला. आता तुमचा बसू द्या."

कुणी हसलं नाही. रुळावरून मालगाडी जाऊ लागली. ती लांब होती. मग साहेबांनी बाह्या वर केल्या. वाईट फाडलं त्यांनी. आतडं फुटलं, शर्टावर उडालं.

पुढं माझ्या गोपनीय अहवालात 'उद्दाम' हा शब्द आला. बढती अडली. पण प्रयोगशाळेच्या भिंतीवर पाळीची यादी लागली. कोणत्या दिवशी कोणता डॉक्टर फाडणार. साहेबांचं नावही त्यात होतं.

इथपर्यंत सांगितलं की टाळ्या पडतात. मी इथंच थांबतो. गेली कित्येक वर्षं इथंच थांबत आलो.

शालिकराम माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. सौंसरच्या बाहेरच्या बौद्ध वस्तीत राहायचा. मी त्याला शालिकभाऊ म्हणायचो. तिगावहून परतताना जीपमध्ये मागून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. "साहेब, आज जेवण गोड लागन," इतकंच म्हणाला. मग ती गोष्ट त्यानं विहारात सांगितली, वस्तीत सांगितली, पाहुण्यांना सांगितली. सांगता सांगता वाढवली. त्याच्या गोष्टीत मोठे साहेब बैलावर पडत. मी एकदा म्हटलं, "शालिकभाऊ, साहेब पडले नव्हते." तो म्हणाला, "आता पडून राहिले जी. पडू द्या."

मोठे साहेब निवृत्त झाले. काही वर्षांनी त्यांच्या खुर्चीवर मी बसलो. प्रयोगशाळेला रंग दिला तेव्हा पाळीची यादी भिंतीवरून निघाली. मी परत लावली नाही. नव्या डॉक्टरांना फाडायचा कंटाळा होता. मला संशोधनाचे लेख लिहायचे होते. हळूहळू सुरी शालिकभाऊकडे गेली. त्याचं ते काम नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, असंही मी स्वतःला सांगत असे. माझ्या लक्षात आलं होतं.

तो उन्हाळा. जामसांवलीच्या रस्त्यावरून आत एका वाडीत दोन दिवसांत तीन बैल मेले. आम्ही पोचलो तेव्हा तिसरा बाभळीखाली पडला होता. नाकातून काळं रक्त येत होतं, गोठत नव्हतं. अंग ताठलं नव्हतं. मी पाहताक्षणी ओळखलं. फाशी. डॉक्टर ज्याला अँथ्रॅक्स म्हणतात तो रोग. जनावरातून माणसाला होतो.

फाशीचा संशय असेल तर जनावर फाडायचं नाही. हा आमच्या कामातला पहिला नियम. आतल्या जंतूंना हवा लागली की ते कवच धरतात आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचपट्टीवर पसरायचा, पुरेसं आहे. बाकी सगळं चुन्यात खोल पुरायचं. हे शालिकभाऊला मीच शिकवलं होतं.

पण मला पाणथरी, म्हणजे प्लीहा, हवी होती. फाशीत ती सुजून काळी पडते. तिचा ताजा तुकडा माझ्या लेखासाठी हवा होता. रोग ओळखायला नव्हे. लेखासाठी.

पेटीत ग्लोव्हजचा एकच जोड उरला होता. तो मी घातला. मला नमुन्याच्या बाटल्या धरायच्या होत्या.

"शालिकभाऊ, घ्या सुरी," मी म्हणालो.

तो जागचा हलला नाही. "साहेब, कानाचाच थेंब घ्याचा नं? फाशी असन तं फाडाचं नाई म्हणून तुमीच शिकवलं."

"लहानसा छेद घ्या. डाव्या बाजूनं. पाणथरीपुरता."

"मोजे नाई जी. अन् बोटाले लागलं हाये." त्यानं बोट दाखवलं. आदल्या रविवारी कुणाच्या संत्र्याच्या बागेत वाळलेल्या फांद्या काढताना काटा गेला होता.

गावातले लोक पाहत होते. ऊन वर आलं होतं. मला घाई होती. आणि मी म्हणालो,

"घ्या हो. तुमचा हात बसलेला आहे."

तेच वाक्य. शब्द तेच. 'तुमच्या लोकांचा' एवढं मी म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती, मीही त्याच लोकांतला.

शालिकभाऊनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग सुरी उचलली. त्यानं फाडलं, मी तुकडा बाटलीत घेतला. नंतर मी जीपमधल्या पाण्यानं, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. त्यानं मातीनं हात घासले, डबक्यात बुडवले, आणि खड्डा खणणाऱ्यांना मदत करायला गेला.

परत येऊन मी कानाच्या थेंबाची काचपट्टी पाहिली. निळ्या काड्या, भोवती गुलाबी कड. फाशीच. काचपट्टीनं सगळं सांगितलं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी शालिकभाऊ माझ्या टेबलाजवळ आला. बाही वर केली. बोटावर एक आणि मनगटावर एक फोड. मधोमध काळा, कोळशासारखा. भोवती सूज.

"दुखत नाई जी," तो म्हणाला, "म्हणून आधी नाई दाखवलं."

दुखत नाही, हीच त्याची खूण. मला माहीत होतं. एक चिठ्ठी लिहायला हवी होती. या माणसानं फाशीचं जनावर फाडलं आहे, त्याच रोगाचं औषध आजच सुरू करा. दोन ओळी. औषध साधं आहे, लवकर दिलं तर माणूस बरा होतो. पण चिठ्ठी लिहिली असती तर जनावर का फाडलं, कुणी फाडायला सांगितलं, हे विचारलं गेलं असतं.

मी म्हणालो, "दवाखान्यात दाखवून घ्या. फोडाचं मलम देतील."

दवाखान्यात मलमच दिलं. तिथल्या डॉक्टरांचा दोष नाही. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. तीन दिवसांनी शालिकभाऊचा हात खांद्यापर्यंत सुजला, ताप डोक्यात गेला. त्याला नागपूरला न्यायला गाडी ठरवली होती. गाडी दारात आली तेव्हा तो गेला होता.

चौकशी आली. एक पान. आमच्या राज्यात सरकारी कागद हिंदीत चालतो. मी लिहिलं, "भृत्य ने बिना निर्देश के स्वयं शव खोला." म्हणजे, कुणी सांगितलं नसताना त्यानं आपल्या मनानं फाडलं. खाली माझी सही. कामावर असताना गेलेला माणूस म्हणून त्याची नोंद झाली नाही. नियम मोडून मेलेला माणूस, अशी झाली. फाईल बंद.

लेख छापून आला. माझं नाव पहिलं. पाणथरीचा फोटो सुंदर आला होता. त्या लेखावर पुढची बढती, परिषदा, शाली, मानचिन्हं. आभाराच्या यादीत जीपच्या ड्रायव्हरचं नाव आहे. शालिकभाऊचं नाही.

आता गेल्या वर्षीचं. पांढुर्ण्यात मुलांसमोर बोलायला बोलावलं होतं. विषय, पशुरोगांच्या संशोधनात करिअर कसं करावं. मी तिगावचा बैल सांगितला. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर पन्नाशीकडे झुकलेली एक बाई पुढं आली. शाळेत शिक्षिका. शालिकभाऊची मुलगी, सुनंदा.

"काका, बाबा ही गोष्ट लय सांगत जात," ती म्हणाली. "त्यायच्या गोष्टीत साहेब बैलावर पडत."

मी हसलो. ती हसली नाही.

"एक विचारू का? बाबानं खरंच तुमचं न ऐकता फाडलं होतं का? आईले कधीच पटलं नाई. म्हणे, ते साहेबाच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते."

माझ्या हातात नारळ होता, अंगावर शाल. मी म्हणालो, "बेटा, जुनी गोष्ट आहे."

"हो," ती म्हणाली. "जुनी हाये." आणि गेली.

माझ्या बापाचा प्रश्न मी आयुष्यभर मोठ्या साहेबांवर रोखून धरला. सारेच फाडतात का, की तूच. तो माझ्यावरही होता. मी सुरी खाली ठेवली, हे खरं. ती माझ्या जागी कुणाच्या हातात गेली, ते मी पाहिलं, आणि जाऊ दिलं. मोठे साहेब परके होते. त्यांच्यावर रागावता येत होतं. शालिकभाऊला माझ्यावर रागावताही आलं नाही. तो माझीच गोष्ट सांगत मेला.

आता काय करणार ते लिहितो. विभागाला अर्ज लिहिला आहे. आधी लिहिलं, "शव मेरे निर्देश पर खोला गया." ते फाडलं. पुन्हा तीच भाषा, कुणाचाच हात नसलेली. आता लिहिलं आहे, "शव मैंने खुलवाया. शालिकराम ने मना किया था." फाईल सापडत नाही म्हणतील. सापडेपर्यंत जाईन. ज्यांनी लेख छापला त्यांनाही पत्र गेलं आहे. मानचिन्ह परत केलं आहे. येत्या पौर्णिमेला सौंसरच्या विहारात, जिथं शालिकभाऊ माझी गोष्ट सांगायचा, तिथं उभं राहून ही उरलेली अर्धी वाचणार आहे. सुनंदाला निरोप दिला आहे. येईल की नाही, ते तिनं ठरवावं. क्षमा मागणार नाही. तिच्या बापाचं नाव स्वच्छ करायचं आहे, माझं नाही.

तिची आई मात्र ऐकायला नाही. गिरजाबाई दिवाळीनंतर गेल्या.

त्यांच्याकडे मी तीनदा गेलो होतो. दर वेळी वाटेत वाक्य पाठ करत. वहिनी, शालिकभाऊनं आपल्या मनानं नाही फाडलं. तो नको म्हणत होता. मी फाडायला लावलं, आणि कागदावर खोटं लिहिलं. शेवटच्या वेळी त्या अंगणात संत्र्याच्या टोपल्या रिकाम्या करत होत्या. उठल्या, पदरानं हात पुसले, पाण्याचा गडवा माझ्या हातात दिला.

"बोला जी, साहेब," त्या म्हणाल्या. समोर बसल्या. वाट पाहत राहिल्या.

मी पाणी प्यालो.

"वहिनी," मी म्हणालो, "ऊन लय आहे यंदा."