बायकोचा राजीनामा

दोन पगारांशिवाय पोरं वाढत नाहीत, असं हल्ली जो तो सांगतो. वाढतात की! आमची एकाच पगारात वाढली. पोटाला कधी कमी पडलं नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही बेलापूरच्या नव्या वसाहतीत राहायचो. माझी नोकरी फोर्टात, जाता-येता बसमध्येच जीव जायचा. बायको टायपिस्ट, तिचं ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर. मुलगी दोन वर्षांची, दिवसभर शेजारणीकडे. एकदा पोरगी जिन्यावरून पडली, कपाळाला टाके पडले. तेवढं निमित्त मला पुरलं.

"माझ्या पगारात भागतं," मी म्हणालो. "बास झाली नोकरी."

ती आधी भांडली, मग रडली. मुलीसाठी रजा काढून घरी बसली होती. जवळच्या दिवाळे गावाहून मासे विकायला येणाऱ्या मावशीने दारातच विचारलं, "बाय, आज घरी कशी? बरी नाय का?" हिने मासे घ्यायला ताट पुढे केलं.

साऱ्या ऑफिसची पत्रं टाइप करणारी बाई, पण स्वतःचा राजीनामा काही लिहीना. शेवटी मीच लिहिला. तिने सही केली. मला ती कटकट संपवायची होती, म्हणून मी सुट्टी टाकून तो स्वतःच नेऊन दिला.

तिच्या साहेबांनी कागद वाचला. "बाई स्वतः का नाही आल्या?"

"मुलगी आजारी आहे."

त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. "हा मी महिनाभर पुढे पाठवत नाही. तोवर रजा धरू. त्यांच्यासारखं काम इथे कुणाला जमत नाही हो. मन बदललं तर येऊन घेऊन जा म्हणावं. नक्की सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

घरी आलो. "दिला का?" तिने विचारलं.

"दिला."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार?"

महिनाभर रोज तिच्यासमोर जेवायला बसलो, पण सांगितलं नाही. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. आजही हे आठवतं तेव्हा आत काहीच हलत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.

महिन्याने राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र टपालाने आलं. तिने ते उभ्याउभ्याच दोनदा वाचलं आणि घडी घालून फळीवर ठेवलं. मग पाटावर बसून मुलीला वरणभात भरवू लागली.

"आठ वर्षं काम केलं," ती मुलीकडे बघतच म्हणाली. "साहेबांनी एकदा बोलावून विचारलंसुद्धा नाही हो."

"ऑफिसवाले कुणाचे नसतात," मी म्हणालो. "मलाही वाढ."