शटरवरचा हात

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही गिचमिड आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आमच्या रस्त्यावरचे कॉम्प्युटर दुरुस्तीवाले कुठलाही कॉम्प्युटर उघडण्याआधी दुकानाच्या लोखंडी शटरवर तळहात टेकवायचे. मी त्यांच्या पायरीशी गजरे घेऊन बसते. मला वाटायचं, किती भाविक माणूस! वर्षभरानं धीर करून विचारलं, "दिवसातून इतक्यांदा नमस्कार?"

"नमस्कार कुठला, ताई! अंगातली वीज लोखंडात सोडतो. नाहीतर माझ्याच बोटानं आतला भाग जळून जायचा."

दुसऱ्या दिवशी मीही शटरला हात लावून सुई घेतली. ते पोट धरून हसले. "फुलांना चालतं हो तसंच!"

गिऱ्हाईक घाई करायला लागलं की त्यांचं ठरलेलं, "थांबा, ओळख पटू द्या." नव्या भागाची आणि यंत्राची ओळख पटायला वेळ लागतो म्हणे. तुम्हीही पाहिला असेल असा एखादा, यंत्राला पाहुण्यासारखं वागवणारा.

लोक हल्ली सगळं मोबाइलवरूनच मागवतात. दुकानात माशाही येईनात. तेवढ्यात निफाडचे लग्नाचे व्हिडिओ करणारे भाऊ नवाकोरा प्रोसेसर घातलेला कॉम्प्युटर बनवायला सांगून गेले, सगळे पैसे आगाऊ देऊन.

"हे काम उतरलं तर बाकीचे स्टुडिओवाले येतील, ताई. नाही उतरलं तर दुकान आवरायचं."

प्रोसेसर आला. एवढासा, बिस्किटाएवढा. बसवला. पंखे फिरले, पण पडदा काळाच. मदरबोर्ड जुन्या साठ्यातला निघाला, त्याला हा नवा माहीतच नव्हता. कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी म्हणाली, "सर, पहले पुराना प्रोसेसर लगाकर अपडेट कर लीजिए."

"पुराना कहाँ से लाऊँ?"

"वो तो सर, आपको देखना पड़ेगा."

त्यांनी बिलं करायचा स्वतःचाच कॉम्प्युटर उघडला. शटरला हात लावला, त्यातला प्रोसेसर काढून नव्या बोर्डात बसवला. पडदा उजळला. त्यावर अपडेटची एक पट्टी हळूहळू भरायला लागली.

"आता ही भरेपर्यंत लाइट जायला नको, नाहीतर बोर्ड कायमचा मेला," ते म्हणाले. यूपीएसची बॅटरी मेलेली. दुसऱ्यांच्या बदलून द्यायचे, स्वतःची राहून गेली होती.

निफाडचे भाऊ डोक्यावर उभे. "लवकर करा ना राव, लगीन तोंडावर हे."

"थांबा, ओळख पटू द्या."

पट्टी अर्ध्याच्या पुढं गेली आणि छताचा पंखा मंद झाला. मग थांबलाच. माझी सुई हातातच राहिली. मी चहा सांगितला, तो तसाच निवला.

लाइट आल्यावर तो बोर्ड जुन्या प्रोसेसरवरही उठला नाही. कंपनी म्हणाली, हे वॉरंटीत बसत नाही. निफाडच्या भाऊंना थांबायला सवड नव्हती, त्यांनी पैसे परत मागितले. ते तर सामानात गेलेले. मग रोज दुकानातून काहीतरी विकून बाहेर जायला लागलं. पडदे, फळ्या, शेवटी त्यांची खुर्ची. मी नुसती बघत बसायची.

आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. ते कुठं असतात, मला ठाऊक नाही.

दुकानाच्या शेवटच्या दिवशी निफाडचे भाऊ आले होते. दुरुस्तीवाल्यांनी रिकाम्या दुकानाचं शटर ओढलं आणि त्यावर तळहात टेकवला. उघडायला आत काहीच उरलं नव्हतं, तरी बराच वेळ ठेवला. मग खिशातून नोटा काढल्या.

भाऊंनी मोजल्या. खाली बघत म्हणाले, "मिळाले सगळे."