अंगाला न कळणारं घड्याळ

माझे सासरे घड्याळ बघताना डोळे मिटून घेत. वेळ बघताना नव्हे, घड्याळ बघताना. कुणी नवं घड्याळ दाखवायला आणलं की मामंजी खुर्चीत ताठ बसत, डोळे मिटत आणि उजवा हात पुढे करत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये ते धरून कडेकडेने एकदा फिरवत, कापडाचा व्यापारी पोत बघतो तसं. तबकडी कशी आहे, काटे सोनेरी की निळे, आत नाव कुणाचं आहे, हे सगळं नंतर. आधी जाडी. ती मनाला आली नाही तर डोळे न उघडताच घड्याळ परत जाई.

मी लग्न होऊन साताऱ्याहून सांगलीला आले ती दुसऱ्या मोठ्या लढाईच्या सुरुवातीला. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात मामंजी, आमचे हे, आणि कपाटभर घड्याळं. मामंजींना गावात 'पातळ वकील' म्हणतात एवढं मी माहेरीच ऐकलं होतं, त्यामुळे माणूस अंगाने किरकोळ असेल अशी माझी समजूत. बघते तर दारातून आडवं होऊन यावं लागेल असे गृहस्थ! खुर्चीसुद्धा त्यांना सुताराकडून वेगळी करून घ्यावी लागलेली. एवढ्या मोठ्या माणसाला एवढ्या बारीक वस्तूचा नाद कसा लागला, ते मला कधीच उमगलं नाही.

"घड्याळ अंगावर आहे हे अंगाला कळता कामा नये," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पसंत पडलेलं घड्याळ ते अल्पाकाच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवत, खिडकीपाशी कडेने उभे राहत आणि मला हाक मारत, "सूनबाई, दिसतंय का?" मी पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून यायचं आणि खिशावर फुगवटा आहे का ते सांगायचं. एवढ्या पोटावर एवढासा फुगवटा शोधणं म्हणजे कठीणच काम. पण मी जरा जरी घुटमळले तरी ते घड्याळ बाद. एकदा साताऱ्याला एका निवृत्त इंजिनियरच्या घरी जाऊन त्याचं फार देखणं घड्याळ त्यांनी तिथल्या तिथे नाकारलं. इंजिनियर माझ्या माहेरच्या आळीतले, त्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येताना मामंजी एवढंच म्हणाले, "घड्याळ चांगलं हो, पण कोटाला पोट आलं."

रुंदीबद्दल त्यांची तक्रार नसे. उलट रुंद घड्याळ त्यांना आवडे. लहान आणि जाड म्हणजे लाडू, मोठं आणि जाड म्हणजे भाकरी, आणि रुंद असूनही पातळ म्हणजे मांडा, अशी त्यांची वर्गवारी होती. आमचे हे मनगटी घड्याळ वापरत. त्याला मामंजी 'सुपारी' म्हणत आणि त्याच्याकडे बघतसुद्धा नसत.

या वर्गवारीतल्या भाकरीचे मालक म्हणजे सुभेदार. तासगावच्या बाजूचे, घरचा ऊस, पहिल्या लढाईत परमुलुख बघून आलेले. घड्याळांचा शौक त्यांनाही, पण अगदी उलटा. जाड, वजनदार, डबल झाकणाची घड्याळं ते कंबरेला बांधलेल्या कापडी पिशवीत खोचून आणत आणि बाजाराच्या दिवशी आमच्या सोप्यावर घोंगडी पसरून मांडत. "आवं वकीलसाहेब, घड्याळ कसं, हातात घेटलं की मूठ भरली पायजे," असं ते म्हणाले की मामंजी म्हणत, "मूठच भरायची तर गूळ घ्यावा, सुभेदार." सुभेदार मागे हटत नसत. "आन् मांडं खाऊन कुनाचं प्वाट भरलंय आजवर?" असं दोघं जेवणवेळेपर्यंत भांडत आणि मग एका पंक्तीला बसत. सुभेदारांनी येताना आणलेली गुळाची ढेप मी फडताळात लपवून ठेवायची, कारण मामंजींना मधुमेह होता आणि गोडाचं नाव काढलं की डॉक्टर ओरडत.

भांडण मिटलं की त्यांचा खेळ सुरू होई. मामंजी डोळे मिटून हात पसरत, सुभेदार आपली आणि कपाटातली घड्याळं मिसळून एकेक त्यावर ठेवत, आणि मामंजी बोटांनी चाचपून नुसत्या जाडीवरून कुठलं ते सांगत. साताऱ्याच्या इंजिनियरचं ते नाकारलेलं घड्याळ नंतर सुभेदारांनीच घेतलं होतं. ते हातावर पडलं की मामंजी तोंड वाकडं करत, "उचला, उचला हे पोट." मी पहिली काही वर्षं पाहिलं, ते एकदाही चुकले नाहीत.

पण त्यांचा जीव अडकला होता तो कपाटात नसलेल्या घड्याळात. मुंबईला कामासाठी गेले असताना एका पारशी बॅरिस्टराने त्यांना खिशातलं घड्याळ दाखवलं होतं. दोन रुपये एकावर एक ठेवले तर जेवढे होतील, तेवढंच ते जाड. बॅरिस्टरांना घाई होती, त्यामुळे नीट हातात धरण्याआधीच ते परत गेलं. तसंच एक मिळावं म्हणून मामंजींनी मुंबईच्या दुकानात सांगून ठेवलं, दुकानदाराने स्वित्झर्लंडला कळवलं, आणि लढाई पेटली. जहाजं बंद. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असे, लढाई संपू द्या. मामंजींना जर्मन हरावेत की इंग्रज, याच्याशी कर्तव्य नव्हतं. कुणीतरी लवकर हरावं एवढंच त्यांचं म्हणणं. "ते एकदा या दोन बोटांत धरलं, सूनबाई, की मग मला काही नको," असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं. त्यांना दुसरं काही नकोच होतं.

लढाई संपायच्या आधी त्यांचे पाय गेले. गेले म्हणजे चालत होते, पण त्यांना कळेनासं झालं. एक दिवस कोर्टातून एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी असे घरी आले. चप्पल कुठे निघाली ते माहीत नव्हतं आणि तळपाय रक्ताळला होता. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाने बधिरपणा आलाय, तो आता वर वर सरकेल. यावर औषध विचारलं तर त्यांनी पथ्य सांगितलं. पुढे एकदा मामंजी कढत चहाचा पेला धरून वर्तमानपत्र वाचत बसले होते. पेला खाली ठेवला तेव्हा दोन बोटांना फोड आलेले मी पाहिले. त्यांनीही पाहिले. मग वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "जहाज लवकर यायला हवं."

त्यानंतरच्याच एका बाजाराच्या दिवशी सुभेदारांनी नेहमीप्रमाणे हातावर घड्याळ ठेवलं. मामंजींनी बराच वेळ चाचपलं आणि चेहरा उजळला. "वा! हे आपलं. निळ्या काट्यांचं. काय पातळ आहे बघा!" ते इंजिनियरचं घड्याळ होतं. मी तोंड उघडणार तोच सुभेदारांनी माझ्याकडे बघून 'नको' अशी मान हलवली. "बराबर वळखलंत, वकीलसाहेब," म्हणाले आणि मामंजींनी डोळे उघडायच्या आत घड्याळ बंडीत घातलं. जाताना दाराशी थांबले. फेट्याच्या शेवाने डोळे पुसत म्हणाले, "ताई, त्यास्नी सांगू नगा. आता काय ऱ्हायलंय त्यांच्यापाशी दुसरं?" तेव्हापासून मामंजी काहीही म्हणोत, सुभेदार 'बराबर' म्हणत. त्या खेळाचा मला तिटकारा आला. दोन म्हातारी माणसं एका घोंगडीवर बसून इतकं खोटं खेळताना बघवत नसे.

लढाई संपली, आणि संपल्यावरही कितीतरी महिने गेल्यावर मुंबईहून डबी आली. मामंजींनी ती उघडली नाही. बाजाराचा दिवस येईपर्यंत देवासमोर ठेवली. त्या दिवशी आंघोळ करून, अल्पाकाचा कोट घालून ते खुर्चीत बसले. तोवर पुष्कळ वाळले होते आणि ती मोठी खुर्ची त्यांना फार मोठी झाली होती. "ठेवा, सुभेदार," म्हणाले, डोळे मिटले आणि हात पसरला.

सुभेदारांनी डबी उघडली. आयुष्यभर घड्याळांची थट्टा केलेली मी, पण ते बघायला मीही पुढे वाकले. पांढरी स्वच्छ तबकडी, रेघेसारखे काटे, आणि कडेने बघितलं तर जवळजवळ काहीच नाही. सुभेदारांनी दोन्ही हातांनी, बेलाचं पान वाहावं तसं, ते मामंजींच्या तळहातावर ठेवलं.

आम्ही वाट बघत राहिलो. मामंजी हसऱ्या चेहऱ्याने, डोळे मिटून बसले होते. तळहातावर घड्याळ टिकटिकत होतं.

"ठेवा ना, सुभेदार," ते म्हणाले. "थट्टा पुरे झाली आता."

सुभेदारांच्या तोंडून 'बराबर' निघेना. "ठिवतो, वकीलसाहेब, ठिवतो," एवढंच ते कसंबसं म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. तो ऐकून मामंजींनी डोळे उघडले. हाताकडे पाहिलं. अंगठा आणि बोट यांच्यात घड्याळ धरायला गेले, तर ते निसटून मांडीवर पडलं. मांडीलाही ते कळलं नसावं.

"आलं होतं होय," ते म्हणाले. मग कोर्टात निकाल ऐकून घेतल्यासारखे म्हणाले, "अंगाला कळू नये म्हणत होतो ना मी? घ्या. नाही कळलं."

सुभेदार तोंडावर फेटा धरून रडत होते. मामंजींनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाले, "तुमची ती भाकरी बघू जरा." सुभेदारांनी कंबरेचं जाडजूड घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. मामंजींनी हात खालीवर करून पाहिला. "हं. हे आहे. एवढं वजन कळतंय." सुभेदार घड्याळ तिथेच सोडून गेले. नंतर कुणी सांगितलं, रस्त्यात माणसं थांबवून ते वेळ विचारत होते.

पातळ घड्याळ कपाटात गेलं. मामंजींनी ते पुन्हा मागितलं नाही आणि मीही काढलं नाही. पुढे त्यांनी अंथरूण धरलं. ती भाकरी दिवसभर त्यांच्या मुठीत असे. मी चावी द्यायला घेतली तरी लगेच परत मागत.

थंडीच्या दिवसांतली एक दुपार. मी पेज घेऊन गेले तर घड्याळ मुठीतून सुटून गोधडीच्या घडीत पडलं होतं. मूठ मात्र तशीच मिटलेली, छातीवर. मी ते उचललं आणि परत देण्यासाठी हात पुढे केला, तेवढ्यात मामंजींनी डोळे उघडले.

"सुभेदाराचंच खरं हो, सूनबाई," ते म्हणाले. "मूठ भरली पाहिजे." आणि रिकामी मूठ त्यांनी मला उचलून दाखवली.

मी "हो, मामंजी" म्हटलं, आणि ते झोपेपर्यंत घड्याळ पदराखाली धरून तिथेच बसून राहिले.