खऱ्यानं भागायचं

नंदू गेल्याचं सांगायला सकाळी वहिनींचा फोन आला आणि पाठोपाठ आमच्या मित्रांच्या ग्रुपवर मेसेज, ‘शंभर टक्के आयुष्य जगला.’ मला किळस आली. पन्नाशीत गेलेल्या माणसाबद्दल हे लिहायचं, आणि तेही नंदूबद्दल...

घाटकोपरला तो दहावीच्या मुलांना गणित शिकवायचा, पण त्याचा वर्ग रस्त्यावरही चालायचा. एकदा अ‍ॅपवर पाच मिनिटांत येणारी रिक्षा आठ मिनिटांनी आली. मी म्हटलं, “तीन मिनिटं उशीर. साठ टक्के चूक.” तो उखडला. “वाट लावलीस! पाच हा अ‍ॅपचा अंदाज, खरे आठ. तीनला आठनं भाग, साडेसदतीस. चूक खऱ्यानं भागायची रे, खोट्यानं नाही.”

यंदा त्याला कॅन्सर झाला. वजन साठच्या खाली गेलं तर लगेच कळवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दर रविवारी मी त्याला धरून वजनकाट्यावर उभा करायचो. एकदा नेमकं साठ भरलं. त्या दिवशी त्यानं ताट तसंच परत सरकवलं. भेटायला येणारे ‘नव्वद टक्के बरा दिसतोस’ म्हणत, बिस्किटं खात. त्यांचा मला तिटकारा यायचा. आणि मी काय केलं? पुढच्या रविवारी, तो उठण्याआधी, वजनकाट्याचं शून्य जुळवायचं चाक फिरवून काटा दोनवर आणून ठेवला. एकसष्ट भरलं. पोरासारखा हसला तो. त्या दिवशी दोन घास जास्त जेवला.

त्याच्या पुढच्या रविवारी गेलो, तर वजनकाट्यावर तांदळाची पाच किलोची न फोडलेली पिशवी. काटा सातवर.

“अंगठी बोटातून गळतेय आणि वजन वाढतंय?” पलंगावरून तो म्हणाला. “माझ्यावर दोन किलोची चूक साडेतीन टक्केसुद्धा नाही, म्हणून खपली. तांदळावर बघ, चाळीस टक्के. तू पण, यार?”

डॉक्टरांना त्याच दिवशी कळवलं. ते म्हणाले, आठवडाभर आधी कळवलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. ‘फारसा’ म्हणजे किती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मला आता ग्रुपवरच्या त्या मेसेजपेक्षा स्वतःच्या या हातांची जास्त किळस येते.

तो वजनकाटा वहिनींना घरात नको होता. आता तो मुलुंडला माझ्याकडे आहे. वर कुणी नाही, तरी काटा दोनवर. चाक फिरवायला हात धजत नाही. चूक किती, ते काढायला बसतो. दाखवतोय दोन, खरं शून्य... आणि भागायचं तर खऱ्यानं.